सकाळची पहिलीच आणावी

लातूर
रविवार, ८ ऑक्टोबर २०२३

आबा, जय भीम.

चिठ्ठी बघून दचकू नका. पोस्टमन दारात आला की आजीचा जीव वरखाली होतो, तिला आधी सांगा, नात धडधाकट आहे. झालं असं की इथं भरती अकॅडमीत मोबाइल ऑफिसच्या कपाटात ठेवतात. रविवारी अर्धा तास मिळतो, तोही हणमंत सरांच्या टेबलासमोर. आणि तुमचा फोन कायम स्पीकरवर! मी इथं शिंकले तरी इस्लापूरच्या आख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून म्हटलं, तुम्ही मला दुसरीत पोस्टकार्ड लिहायला शिकवलं होतं, ते कधी कामाला येणार?

तर बातमी. आठशे मीटर आता तीन मिनिटं चार सेकंद! जूनमध्ये आले तेव्हा साडेतीनच्या खाली येत नव्हते. दोन पन्नासला पैकीच्या पैकी मार्क आहेत. सर म्हणतात, "भवरे, पातळ हो, उडशील." उंची पाच फूट सहा. वजन जूनमध्ये त्रेपन्न होतं, आता अठ्ठेचाळीस. भात सोडला, रात्रीची भाकर सोडली. आजीला वजनाचं सांगू नका हं. पप्पांनी या एकाच भरतीची मुदत दिलीय. नाही झालं तर पुण्याला त्यांच्याकडं जायचं आणि कंपनीत लागायचं. मला पुण्याला जायचं नाही आबा. मला नांदेडला खाकी घालून परेडला उभं राहायचंय आणि तुम्हाला पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसवायचंय.

आता तुमच्या खात्यातला प्रश्न. माझ्या खोलीत शिल्पा म्हणून पोरगी आहे, उदगीरची. खूप पळवलं की तिची लघवी लाल होते. रोज नाही. कधी काळ्या चहासारखी, कधी चक्क लाल. पोरगी घाबरलीय पण कोणाला सांगत नाही, कारण सरांना कळलं तर मेडिकलला उडशील म्हणून घरी पाठवतील. तुम्ही बत्तीस वर्षं दवाखान्यात हेच तपासलंय. काय करावं तिनं?

तुमची समी


इस्लापूर
१४ ऑक्टोबर २०२३

चि. समीस, जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

आज दीक्षेचा दिवस. सकाळी विहारात वंदना झाली, खीर झाली आणि घरी येतो तर दारात तुझी चिठ्ठी. आजीनं ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. वजनाची ओळ मी गाळली, पण आवाज तिथं अडखळला आणि तिनं पकडलं. "काय गाळलं ते सांगा अगोदर," म्हणून मागंच लागली. सांगावं लागलं. तिचा निरोप जसाच्या तसा देतो: "त्या सराला म्हणावं, पोरगी हाय का पतंग? भाकर सोडायची न्हाई. लई सांगून ठिवते."

आता तुझ्या मैत्रिणीचं. तिला सांग, योग्य माणसाला विचारलंस. मी शहाऐंशी साली झाडूवाला म्हणून दवाखान्यात लागलो हे तुला ठाऊक आहे. लघवीच्या, थुंकीच्या बाटल्यांना कोणी हात लावीना. म्हणाले, ज्ञानोबाला द्या. कशामुळं मलाच दिल्या ते तुला समजवायला नको. मी म्हटलं, आणा. धुता धुता विचारू लागलो, साहेब, हिच्यात बघता तरी काय? एका डॉक्टर साहेबांनी मला खुर्ची दिली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. त्या दिवशी जे दिसलं ते दिसलं, मी मागं वळून बघितलं नाही. बाहेरून दहावी केली, ट्रेनिंग केलं, टेक्निशियन झालो. ज्यांनी बाटलीला बोट लावलं नाही ते स्वतःच्या लेकराचा रिपोर्ट घ्यायला माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी त्यांना बसायला स्टूल दिलं. एवढंच केलं, पण ताठ मानेनं केलं.

तर नियम एकच. सकाळची पहिली. बाकी सगळी रद्दी. दिवसाच्या लघवीत पाणी, चहा, बीट, गाजर सगळं डोकावतं. सकाळची रात्रभर मुरलेली असते, ती खरं बोलते. चौऱ्याण्णव साली मी दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या रंगानं पाटी लिहिली: "लघवी सकाळची पहिलीच आणावी. नंतरची घेतली जाणार नाही." अजून आहे ती. दुपारी बाटली घेऊन आला त्याला मी परत पाठवायचो, मग तो सरपंच का असेना. तुझ्या शिल्पाला म्हणावं, तीन सकाळच्या तपासून घे. कोऱ्या निघाल्या तर बिनघोर पळ.

आपला,
ज्ञानोबा भवरे (निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

ता. क. सहीखालचं पद आजीच्या आग्रहावरून नाही, माझ्याच आग्रहावरून लिहिलं आहे.


लातूर
रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

आबा, जय भीम.

शिल्पाच्या तीन सकाळच्या झाल्या. तिन्ही रिपोर्ट कोरे! प्रथिनं नाहीत, तांबड्या पेशी नाहीत, काहीच नाही. लॅबवाल्यानं विचारलं, "कोणी पाठवलं तुला?" मी म्हटलं, माझ्या आबांनी. म्हणजे मी सोबत गेले होते तिच्या.

पण आबा, लाल अजून होतेच. परवा संध्याकाळी पाच चकरा मारल्या आणि पुन्हा तेच. शिवाय डावीकडं फासळ्यांच्या खाली, मागच्या बाजूनं दुखतं <s>मला</s> तिला. उभं राहिलं की वाढतं, आडवं पडलं की कमी होतं. गंमत आहे ना? तिला वाटतं पाठ भरून येत असेल. तुमचा नियम म्हणतो काही नाही, म्हणजे काही नसेलच. मी तसंच सांगितलं तिला आणि बरं वाटलं <s>मला</s> तिला.

माझा टाइम दोन सत्तावन्न. वजन सेहेचाळीस. सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

समी


इस्लापूर
११ नोव्हेंबर २०२३

चि. समी,

दोन ठिकाणी तू "मला" लिहून खोडलंस आणि पुढं "तिला" केलंस. आयुष्यभर धुरकट काचेवर पेशी मोजलेल्या माणसाला खोडलेलं वाचता येत नाही, असं वाटलं होय तुला?

शिल्पा म्हणजे तू. त्या बिचारीला कशाला घुसवलंस मधे? मला वाईट वाटलं. माझ्यापासून लपवायची काय गरज होती? मी तुझ्या सरांकडं चुगली करणार होतो का?

असो. रागावून झालं. आता कामाचं. रिपोर्ट तीनदा कोरा म्हणजे कोरा. पाळीच्या मागंपुढं मिसळलं असेल, पाणी कमी पडलं असेल. भरपूर पाणी पी आणि पळ. आजी दोन दिवस झाले एकच म्हणून राहिली, "पोरीला बोलवून घ्या, मला बरं दिसत न्हाई." मी म्हटलं, बत्तीस वर्षं दवाखान्यात तू बसलीस का मी?  तिनं भाकरी थापताना काठवट जरा जास्तच आपटली.

तू बेधडक पळ. माझ्या नियमावर मी पैज लावतो.

ज्ञानोबा भवरे


लातूर
रविवार, ७ जानेवारी २०२४

आबा,

तुमच्या नियमानं माझं वाटोळं केलं. लिहिलं. आणि हे खोडणार नाही.

गुरुवारी टायमिंगची चाचणी होती. मी दोन एक्कावन्नला आले. सगळ्या पोरींत पहिली! रेषा ओलांडली आणि डाव्या कुशीत अशी कळ आली की खालीच बसले. शिल्पानं, खऱ्या शिल्पानं, धरून बाथरूमला नेलं. सगळं लाल. तिनं किंचाळून सर्वांना गोळा केलं. तुमच्या नातीची अब्रू तिथं मैदानावर गेली.

सरांनी डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, मुतखडा दिसत नाही, उद्या सकाळची पहिली लघवी आणा. दिली. कोरी! मग ते सरांना म्हणाले, काही नाही हो, पोरीला भरतीचं टेन्शन आलंय. आता अर्ध्या पोरी म्हणतात भवरे नाटकी आहे, अर्ध्या म्हणतात तिची किडनी गेली. दोन्ही मला ऐकू येईल असं बोलतात. सरांनी सांगितलं, पंधरा दिवसांत काय आहे ते लेखी आण, नाहीतर बॅग उचल, मी जबाबदारी घेणार नाही. त्यांचंही काय चुकलं?

तुम्ही म्हणालात बेधडक पळ. मी पळले. दुखत होतं तेव्हाही पळले, कारण माझे आबा चुकत नाहीत असं मला वाटत होतं. मी खोटं बोलत नाही आबा. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

समीक्षा


इस्लापूर
११ जानेवारी २०२४

बाळ समी,

तुझी ती पहिली ओळ वाचली. खोडली नाहीस हे बरं केलंस.

 काल तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या बाजेवर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येक गोष्टीपुढं पेन्सिलीनं वेळ लिहिली. कोऱ्या चार. चारही सकाळच्या. लाल जेवढ्या, तेवढ्या सगळ्या पळाल्यानंतरच्या. आणि तू लिहिलेलं मी वाचून सोडून दिलेलं वाक्य: उभं राहिलं की वाढतं, आडवं पडलं की कमी होतं. अगं, तू मला सगळं सांगितलं होतंस! मी फक्त तेवढीच वेळ मागितली ज्या वेळी तू रात्रभर आडवी असतेस. जे उभ्यानं बिघडतं ते आडव्यानं सुधरत होतं आणि मी सुधारलेलंच तपासून "काही नाही" म्हणून सांगत होतो.

सकाळची पहिली खोटी नाही. पण तीच एक खरी, हे मी कुठून आणलं? कोणी शिकवलं नव्हतं मला असं. "सकाळची चांगली" एवढंच शिकवलं होतं. "सकाळचीच" मी केलं. एकदा खुर्ची मिळाली की माणूस नियम कडक करतो. मला वाटायचं नियम जेवढा कडक तेवढा माझा मान मोठा.

आज एक बाई आठवली. डोंगराकडच्या कोलाम आदिवासींच्या पाड्यावरची. तीनदा दुपारी बाटली घेऊन आली, तीन तासांची पायवाट तुडवून. तिन्ही वेळा मी पाटीकडं बोट दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. चौथ्यांदा ती आली नाही. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. समी, हे मी तुझ्या आजीलाही कधी सांगितलं नव्हतं.

तू खोटं बोलत नाहीस. चूक माझी आहे. सरांकडून रजा घे आणि पहिल्या बसनं ये. निरोपाच्या दिवशी स्टाफनं दिलेला जुना आरशाचा मायक्रोस्कोप मी पुसून ठेवला आहे. उजेडासाठी अंगणात टेबल मांडलं आहे. या वेळी दिवसभराच्या तपासू. पंधरा दिवसांतले चार गेलेत.

आजी म्हणते, "मी म्हनलं व्हतं." एवढंच म्हणाली. जास्त म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आबा


इस्लापूर, ता. किनवट
१९ जानेवारी २०२४

प्रति,
डॉ. सौदामिनी मुखेडकर, मूत्रपिंडविकार तज्ज्ञ, नांदेड यांस,

सविनय जय भीम.

सोबतची मुलगी माझी नात समीक्षा, वय वीस. मी सोबत आलो आहे, पण मला ऐकू कमी येतं आणि गर्दीच्या दवाखान्यात आमच्यासारख्याला बोलायला दोन मिनिटं मिळतात. म्हणून लिहून आणलं आहे. कृपया पूर्ण वाचावं.

मी तीन दिवस हिची लघवी स्वतः तपासली. सकाळी सहाला, उठल्या उठल्या घेतलेली स्वच्छ. मग तिला नऊपर्यंत उभी ठेवली, बसू दिली नाही. नऊची नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळली तर गढूळ झाली, ॲसिटिक ॲसिडचे थेंब घालूनही गढूळपणा गेला नाही. म्हणजे प्रथिनं आहेत. गाळात एका नजरेत पंधरा-वीस तांबड्या पेशी. त्यानंतर शाळेच्या मैदानावर दोन चकरा हळू पळवल्या. बाराची डोळ्यांना दिसेल अशी लाल. मग घरी आणून झोपवली. चारची पुन्हा जवळजवळ स्वच्छ. तिन्ही दिवस हाच क्रम. दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांवर विश्वास न ठेवता बाटल्यांवरच्या वेळा झाकून पत्नीकडून अदलाबदल करून घेतल्या आणि तपासल्या. तरी तेच निघालं.

आणखी एक. पेशी गोल आणि शाबूत आहेत, चुरगळलेल्या नाहीत. किडनीच्या चाळणीतून दाबून आलेल्या पेशी वाकड्यातिकड्या असतात असं मला शिकवलं होतं. त्यामुळं हे रक्त चाळणीच्या पुढं कुठंतरी सांडत असावं. दुखणं फक्त डावीकडं आहे. सात महिन्यांत सात किलो वजन उतरलं आहे.

मी डॉक्टर नाही. निदान आपण करावं. फक्त "सकाळची आणा" म्हणून हिला परत पाठवू नये. ती चूक मी करून बसलो आहे.

आपला नम्र,
ज्ञानोबा भवरे (निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)


नांदेड
२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय ज्ञानोबा काका,

सप्रेम नमस्कार.

सी.टी. स्कॅनचा रिपोर्ट आला. समीक्षाला मी फोनवर सांगितलं आहे, पण तुम्ही मला पत्र लिहिलंत, तर तुम्हाला पत्रानंच उत्तर जायला हवं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग समीक्षाची डॉपलर सोनोग्राफी आधी झोपवून आणि नंतर उभी करून घेतली. नेहमी ती आडवं झोपवूनच होते. उभी केल्यावर चित्र पालटलं. तुमच्या कागदावर वेळा नसत्या तर मला हे सुचायला आणखी महिना लागला असता.

आजार असा आहे. डाव्या किडनीतून रक्त परत नेणारी शीर दोन धमन्यांच्या मधून जाते. मागं शरीराची मुख्य धमनी, पुढं तिच्यातूनच निघालेली आतड्यांची धमनी. या दोघींच्या बेचक्यात चरबीची छोटी गादी असते, ती बेचकं उघडं ठेवते. समीक्षा उंच, मुळात सडपातळ, त्यात भराभर वजन उतरवलं. गादी गेली आणि बेचकं मिटलं. उभं राहिलं, धावलं की शीर चेपते, रक्त मागं तुंबतं, किडनीतल्या बारीक शिरा ताणून फुटतात आणि रक्त लघवीत उतरतं. आडवं झालं की चेप सुटतो. आमच्या पुस्तकांत याला अक्रोड फोडायच्या चिमट्याचं नाव आहे. तुमच्या घरात मी अडकित्ता म्हणेन.

किडनी चांगली आहे. हे ठळक अक्षरात वाचा. ऑपरेशनचा विचार आज नको. या वयात वजन वाढलं की बहुतेकांचा त्रास उतरतो. दहा आठवडे धावणं बंद, नीट जेवण, दर पंधरा दिवसांनी तपासणी. सकाळची आणि दुपारची, दोन्ही. वजन त्रेपन्नच्या आसपास आणि लघवी स्वच्छ राहिली तर एप्रिलमध्ये हळूहळू धावू देईन. त्रास वाढला तर मात्र पुढचे उपाय बघावे लागतील, हे आत्ताच सांगून ठेवते. अकॅडमीसाठी दाखला सोबत जोडला आहे.

शाबूत पेशींची तुमची नोंद मी आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवली. कोणत्या कॉलेजचे डॉक्टर, असं एकानं विचारलं. मी खरं ते सांगितलं.

आपली,
सौदामिनी मुखेडकर


लातूर
रविवार, २१ एप्रिल २०२४

आबा, आजी, जय भीम!

पोचले. पंधरा दिवसांची मुदत कधीच उलटली होती, पण मॅडमचा दाखला बघून सरांनी परत घेतलं. वजन काट्यावर चोपन्न! हणमंत सर काटा दोनदा झटकून बघत होते.

आजी, तुझी अडकित्त्याची गोष्ट सगळ्या पोरींना सांगितली. डॉक्टरांची चिठ्ठी आबांनी वाचली आणि तू पानाच्या डब्यातला अडकित्ता काढलास, त्यात भाकरीचा जाड तुकडा घातलास आणि आबांच्या हातात देऊन म्हणालीस, "आता मिटवा बरं." मिटला नाही. "ह्येच सांगत व्हते मी आक्टोबरपासून," म्हणालीस. खोलीत सगळ्या पोट धरून हसल्या. शिल्पा म्हणते, तुझी आजीच डॉक्टर आहे. अर्धापूरची केळी, नदीची मरळ, शेंगदाण्याची चटणी आणि दोन वेळा ज्वारीची भाकर. तीन महिने तू मला ताटावरून उठू दिलं नाहीस.

आता गंभीर. पहिल्याच दिवशी सर रांगेत पोरींना म्हणाले, वजन कमी करा. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, नका सांगू असं." सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या.  पण मग सगळं सांगितलं, तिथंच, उभ्यानं. लाल लघवीचं, शिरेचं, भाकरीचं. लाज वाटली नाही आबा. जानेवारीत त्याच जागी माझी अब्रू गेली असं वाटलं होतं ना? ती मी त्याच जागेवरून उचलून आणली. तीन पोरी नंतर हळूच येऊन म्हणाल्या, आम्ही पण रात्रीचं जेवत नाही.  तिसऱ्या दिवशी सर मेसवाल्याला म्हणाले, भात वाढव.

टाइम तीन दहा. हसू नका, सुरुवात आहे. दर शनिवारी दोन बाटल्या, दोन्हींवर वेळ. कालच्या दोन्ही कोऱ्या.

समी


नांदेड
९ सप्टेंबर २०२४

आबा,

फोनवर तुम्ही "काय? काय?" करत राहिलात आणि मागून आख्खी गल्ली ओरडायला लागली. तुम्हाला नीट कळलंच नसणार. म्हणून इथल्या स्टँडवर बसून लिहिते आहे.

यादी लागली. कागद भिंतीवर चिकटवलाय, मी बोट फिरवत खाली आले आणि सापडलं. भवरे समीक्षा अश्वजित. पोलीस शिपाई.

मैदानाचं तुम्हाला अजून सगळं सांगितलं नव्हतं. आठशे मीटर दोन पंचावन्नला गेले. सेहेचाळीस किलोची असताना दोन एक्कावन्न होतं, म्हणजे तिथं मार्क गेले. रेषेवर पोचून मी आधी डाव्या कुशीवर हात ठेवला. काही नाही. कळ नाही. तिथंच रडले, लोकांना वाटलं हरले. पण गोळाफेक! अंगात भाकरी असली की गोळा कसा जातो ते तुम्ही बघायला हवं होतं. तिथं पैकीच्या पैकी. गेलेले मार्क गोळ्यानं भरून काढले.

मेडिकलला मी काही लपवलं नाही. फाइल टेबलावर ठेवली. मुखेडकर मॅडमचा रिपोर्ट आणि त्याच्या मागं तुमच्या त्या पत्राची झेरॉक्स. तिथल्या टेक्निशियनचं नाव संघपाल. तो म्हणाला, बाटली द्या. मी दोन दिल्या. सहाची आणि साडेबाराची, तुमच्यासारखं निळ्या पेननं लिहून. तो म्हणाला, एकच लागते. मी म्हटलं, माझे आबा टेक्निशियन आहेत, आमच्या घरात दोन देतात. त्यानं दोन्ही तपासल्या. दोन्ही कोऱ्या. डॉक्टरांनी सगळी फाइल चाळली, तुमच्या पत्रापाशी थांबले आणि सही केली. फिट.

जानेवारीत मी एक ओळ लिहिली होती आणि खोडणार नाही म्हणाले होते. आज खोडते. तुमच्याजवळची ती चिठ्ठी काढा आणि माझ्या वतीनं त्या ओळीवर रेघ मारा.

पप्पांना कळवलं. ते फोनवर नुसतं नाक ओढत राहिले. परेडच्या दिवशी खुर्ची तुमची. पुढच्या रांगेतली.

तुमची, पोलीस शिपाई समीक्षा (पद माझ्याच आग्रहावरून)


इस्लापूर
१५ सप्टेंबर २०२४

पोलीस शिपाई समीक्षा भवरे यांस, कडक जय भीम!

तुझ्या चिठ्ठीचा लिफाफा मी फोडला नाही, आजीनं फोडला. मग मी वाचत गेलो आणि ती ऐकत गेली. "पोलीस शिपाई" हे दोन शब्द तिनं माझ्याकडून पुन्हापुन्हा म्हणून घेतले. शेवटी मला म्हणाली, "आता पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पोरीला सलाम करत्याल लोक." म्हटलं, करतीलच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते मी चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं. तिनं बघितलं. मग तीही पुसू लागली, आणि तिला तर चष्माच नाही.

जानेवारीतल्या ओळीवर मी रेघ मारणार नाही. ती राहू दे. ती नसती तर मी बाजेवर चिठ्ठ्या मांडल्या नसत्या.

त्या ओळीमुळं आठवलेलं एक काम राहून गेलं होतं, ते काल केलं. दवाखान्यात गेलो. आता तिथं विशाखा नावाची टेक्निशियन आहे, तरणी पोरगी, मला काका म्हणते. माझी पाटी भिंतीवर तशीच आहे, तीस वर्षं झाली. तिथल्या डॉक्टरांना म्हटलं, साहेब, ही पाटी माझी आहे आणि ती चुकीची आहे, मला दुरुस्त करू द्या. ते म्हणाले, काका, राहू द्या हो, कोण वाचतं? मी म्हटलं, वाचता येत नव्हतं म्हणून एक बाई परत गेली, साहेब. आता वाचता येणारे तरी परत जाऊ नयेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना विशाखानं तोंडी सांगावं. त्यांनी शिपायाला सांगितलं, शिडी आण.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी शिडीवर चढलो. आजी खाली शिडी धरून उभी होती आणि सारखी "पडाल, पडाल" करत होती. "पहिलीच"मधल्या "च"वर आणि "नंतरची घेतली जाणार नाही" या ओळीवर पांढरा रंग मारला आणि बाकीचं निळ्या रंगानं लिहिलं. आता पाटी अशी:

"लघवी सकाळची पहिली आणावी. दिवसा लाल दिसली तर तीही त्याच वेळी आणावी. बाटलीवर वेळ लिहावी. कोणालाही परत पाठवलं जाणार नाही."

विशाखा म्हणाली, "काका, खाली नाव टाका ना." चौऱ्याण्णव साली टाकलं नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, बाटल्या धुवायला लागलेल्या माणसाचं नाव भिंतीवर बघून कोणाच्या तरी कपाळाला आठी पडेल. काल टाकलं. ज्ञानोबा भवरे. अक्षर लांबून दिसतं.

आजी म्हणते, नांदेडच्या भिंतीवर पोरीचं नाव हाय, हितं म्हाताऱ्याचं हाय, दोन्हीचे फोटो पाहिजेत, मोठे, फ्रेम करून. तर यादीचा कागद फाटायच्या आत तिकडचा काढून आण. इकडचा विशाखानं काढला आहे, त्यात शिडी धरलेली आजी अर्धी आली आहे, आणि ती म्हणते तोच फोटो लावायचा.

तुझे,
आबा